पऱ्हाटी म्हणजे कचरा नव्हे, आणि झाड म्हणजे पऱ्हाटी नव्हे

पोस्ट लांब आहे, पण कापूस, सोयाबीन, तूर पेरणाऱ्या प्रत्येकाने आणि विजेचं बिल भरणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी विनंती. पटलं नाही तर खाली हक्काने भांडा.

"शेतातल्या कचऱ्यापासून हिरवी वीज" हे वाक्य आता इतक्या वेळा कानावर पडतं की कुणी थांबून विचारतच नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, कार्यशाळेतला कोट घातलेला सल्लागार बोलतो. आपण मान हलवतो आणि पोहे खाऊन घरी येतो. मला या वाक्यातल्या दोन शब्दांवर आक्षेप आहे. एक 'कचरा' आणि दुसरा 'हिरवी'.

आधी कचरा. मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला. माझ्या शेतात कचरा म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि ठिबकच्या फाटक्या नळ्या. पऱ्हाटी कचरा नाही. तुराट्या कचरा नाहीत. सोयाबीनचं कुटार तर नाहीच नाही, ते ढोरं खातात. पऱ्हाटीवर आजही गावातल्या कितीतरी चुली पेटतात. उज्ज्वलाची टाकी घरात आहे, पण ती पाहुणा आला की चहापुरती. रोजचा स्वयंपाक पऱ्हाटीवर, कारण टाकी भरायला एकरकमी पैसे लागतात आणि पऱ्हाटी चिमट्याने उपटून देणाऱ्या बाईला तीच घरी नेता येते. शेतकऱ्याचं वावर मोकळं होतं, तिचं वर्षाचं सरपण होतं. या व्यवहाराची पावती फाटत नाही, म्हणून तो मुंबई-दिल्लीच्या कागदावर दिसत नाही. कागदावर न दिसणाऱ्या वस्तूला शहाणे लोक 'कचरा' म्हणतात.

आता धोरण काय आहे ते बघू, कारण नुसत्या रागाने काही होत नाही.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुधारित धोरण आणलं. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांनी कोळशासोबत बायोमासच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळायच्या. २०२३ मध्ये वेळापत्रक बदललं. २०२४-२५ पासून वजनाने ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के, असं तेव्हा ठरलं होतं. त्यासाठी 'समर्थ' नावाचं राष्ट्रीय अभियान आहे. मूळ कारण काय? पंजाब-हरियाणात भाताची पराली जळते आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. तिथला प्रश्न खरा आहे. भात निघाल्यावर गहू पेरायला पंधरा-वीस दिवस मिळतात, तेवढ्यात एवढं तणस उचलणार कोण? म्हणून काडी लावतात. ते तणस उचलून वीजकेंद्रात नेलं तर मी टाळ्याच वाजवीन. पण दिल्लीच्या धुरावरचं औषध विदर्भाला त्याच मापाने पाजायचं, तर आधी इथली नाडी बघावी लागेल.

कागद-पेन्सिल घ्या. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा आणि केंद्र वर्षभर दोन-तृतीयांश क्षमतेने चालतं असं धरा. वर्षाला जवळपास १ कोटी २० लाख टन कोळसा होतो. त्याचे ५ टक्के म्हणजे ६ लाख टन पेलेट. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी हाती लागेल असं धरलं, तर ३ लाख हेक्टरवरची सगळीच्या सगळी पऱ्हाटी उचलावी लागेल. ७ टक्के केलं तर सव्वाचार लाख हेक्टर. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच साडेचार लाख हेक्टरच्या आसपास असते. म्हणजे एका केंद्राच्या कोळशातले फक्त ७ टक्के भागवायला एका अख्ख्या जिल्ह्याची पऱ्हाटी. मग कोराडी आहे, खापरखेडा आहे. माझे आकडे थोडे इकडेतिकडे करा, कुणाला हेक्टरी तीन टन मिळत असेल तर तीन धरा. चित्र फार बदलत नाही.

नुसत्या बायोमासवर चालणारं छोटं केंद्र घ्या. १० मेगावॅटचं. केंद्रीय वीज नियामक आयोगाने दर ठरवताना जे निकष धरले होते, एका युनिटला ४,२०० किलोकॅलरी उष्णता आणि जळणात किलोमागे ३,१०० किलोकॅलरी, त्यांनी हिशेब केला तर एका युनिटला १ किलो ३५० ग्रॅम जळण लागतं. ८० टक्के क्षमतेने वर्षभर चाललं तर ९५ हजार टन. दहा टनांचा ट्रक धरला तरी रोज पंचवीसेक ट्रक, आणि तेही पावसाळ्यात, दिवाळीत, पोळ्याला. पण पऱ्हाटी निघते जानेवारी ते मार्च. उरलेले नऊ महिने ती ठेवायची कुठे? पऱ्हाटी भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर घातली की वजन भरत नाही. भिजली की कुजते, वाळली की ठिणगीला घाबरायचं.

मग भर पावसाळ्यात बॉयलरमध्ये काय जातं?

हा प्रश्न विचारला की कार्यशाळेतले सल्लागार पाणी पितात. उत्तर सोपं आहे. लाकूड जातं. लाकूड बारा महिने मिळतं, जड असतं, वाहतुकीला परवडतं, कुजत नाही, आणि ते विकणारा माणूस एका फोनवर ट्रक पाठवतो. पऱ्हाटीसाठी पाचशे शेतकऱ्यांच्या दारात जावं लागतं. ज्याला धंदा करायचा आहे तो काय निवडेल?

मी एका ब्रिकेटच्या कारखान्यात गेलो होतो. नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही, कारण असे बरेच आहेत. पाटीवर 'शेतीअवशेषांपासून पर्यावरणपूरक इंधन'. आवारात एका कोपऱ्यात पऱ्हाटीचा ढीग, फोटोपुरता. बाकी आवार बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब यांच्या फांद्या आणि बुंध्यांनी भरलेलं. विचारलं तर उत्तर आलं, "दादा, माल मिक्स करावाच लागते, नाहीतर कांडी धरत नाही." कांडी धरत नाही हे खरं असेलही. पण त्या कांडीला बाजारात 'व्हाइट कोल' म्हणतात आणि कागदावर 'ॲग्रो वेस्ट'. एकदा लाकडाचा भुसा होऊन त्याची गोळी झाली की ते बांधावरचं निंबाचं झाड होतं की तुराटी होती, हे ओळखणार कोण?

आणि कायदाही ओळखायला फारसा उत्सुक नाही. २०२१ च्या धोरणात पेलेट 'मुख्यत्वे' शेतीअवशेषांपासून केलेले असावेत, असा शब्द आहे. मुख्यत्वे म्हणजे किती? एकावन्न टक्के? साठ? या एका शब्दातून लाकडाने भरलेला ट्रक आरामात निघतो. नियामक आयोगाच्या नियमांतली बायोमासची व्याख्या बघा. त्यात पिकांचे अवशेष आहेत, भुसा-टरफलं आहेत, जंगलकामातून निघालेला माल आहे, मुद्दाम लावलेल्या जळाऊ झाडांचं लाकूड आहे, रानटी झुडपं आहेत. सगळ्यांना एकच नाव आणि एकच हिरवा टिळा. माझं भांडण नेमकं इथे आहे.

पऱ्हाटी जाळणं आणि झाड जाळणं यातला फरक आपल्याला शिकवायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. कर्जाचा हिशेब आपल्याइतका कुणाला कळतो? पऱ्हाटीचा धूर म्हणजे पीककर्ज. यंदाच्या झाडाने हवेतला कार्बन घेतला, जाळल्यावर परत दिला, पुढच्या खरिपात नवी कपाशी तो पुन्हा घेणार. तशीही पऱ्हाटी धुऱ्यावर पडली असती तर वर्ष-दोन वर्षांत कुजून तो कार्बन हवेत गेलाच असता. वर्षाच्या आत खातं बऱ्यापैकी जुळतं. चाळीस वर्षांचं झाड जाळणं म्हणजे मोठं, लांब मुदतीचं कर्ज. कार्बन आज हवेत जातो आणि फेड चाळीस वर्षांनी, तीही नवीन झाड लावलं, जगलं आणि पुन्हा कुणी तोडलं नाही तर. नाहीतर सरळ बुडीत.

आणि धुराच्या बाबतीत लाकूड कोळशापेक्षा साजूक नाही. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, जे सर्वसाधारण आकडे दिले आहेत त्यात एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, चांगल्या दगडी कोळशातून साधारण ९५ किलो, नैसर्गिक वायूतून ५६ किलो. मग लाकडाची वीज 'शून्य उत्सर्जन' कशी होते? हिशेबाच्या पद्धतीने. नियम असा की झाड तोडलं तेव्हाच ते जमीन-जंगलाच्या खात्यात खर्ची पडलं असं धरायचं, म्हणून वीजकेंद्राच्या खात्यात पुन्हा मोजायचं नाही. दोनदा मोजू नये हे ठीक. पण जंगलाच्या खात्यात कुणी नीट नोंदच केली नाही तर? आपल्या बांधावरचं निंबाचं झाड कोणत्या वहीत लिहिलेलं आहे? गावच्या सोसायटीत असा प्रकार केला असता तर सचिव घरी बसला असता.

हा खेळ पुढे कुठवर जातो ते बघायचं तर इंग्लंडमध्ये झालेलं बघा. यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्स नावाचं वीजकेंद्र आहे. १९७० च्या दशकात कोळशासाठी बांधलेलं. नंतर त्याचे सहापैकी चार संच लाकडाच्या पेलेटवर नेले. लाकूड इंग्लंडचं नाही, बरंचसं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून, समुद्र ओलांडून येतं. वर्षाला काही दशलक्ष टन. कागदावर ही अक्षय ऊर्जा, म्हणून तिथल्या वीजग्राहकांच्या बिलातून अनुदान. २०२२ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने कॅनडातल्या जुन्या जंगलांतलं लाकूड यात जात असल्याचं दाखवलं. २०२४ मध्ये तिथल्या ऑफजेम या नियामकाने लाकडाच्या प्रकाराची माहिती नीट ठेवली नाही म्हणून कंपनीला अडीच कोटी पौंड भरायला लावले. अनुदान चुकीने घेतल्याचा पुरावा मिळाला नाही असंही नियामकाने म्हटलं, तेही सांगायला हवं. पण जिथे इतकी यंत्रणा, इतके लेखापरीक्षक आणि इतके पत्रकार आहेत, तिथे कोणतं लाकूड कुठून आलं याचा कागद धड नव्हता. आपल्याकडे तालुक्याला किती वनपाल आणि रात्रीच्या ट्रकला कोण हात दाखवणार?

कोकणातल्या मित्रांना हे नवीन नाही. खासगी मालकीची रानं कशी साफ होतात आणि लाकडाचे ट्रक घाट कसे चढतात, हे चिपळूण-संगमेश्वरकडच्या कुणालाही विचारा. वृक्षतोडीचा कायदा १९६४ पासून आहे. ट्रकही आहेतच. जिथे बॉयलरची भूक आधीपासून आहे, तिथे सरकारी सक्तीची नवी भूक आणली तर पहिली कुऱ्हाड कुणावर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, इनबॉक्समध्ये येतातच.

"मग काय, कोळसाच जाळायचा का?" नाही. चंद्रपूरची हवा आणि राखेने भरलेले नाले आम्हीही बघतो. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते, पऱ्हाटीत त्यामानाने फारच कमी. गंधकही कमी. हा फायदा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण ७ टक्के पेलेट टाकून उरलेला ९३ टक्के कोळसा हिरवा होत नाही. उलट जुन्या केंद्रांना 'आम्हीपण पर्यावरणवाले' म्हणून आणखी काही वर्षं जगायचा दाखला मिळतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत सौर वीज साधारण तीन रुपये युनिटच्या घरात मिळते. बायोमासचं जळण टनाला साडेतीन हजार रुपये धरलं तर नुसत्या जळणाचाच खर्च युनिटमागे पावणेपाच रुपये. यंत्र, माणसं, व्याज वेगळं. रात्रीच्या विजेसाठी थोडं जास्त मोजायला हरकत नाही, पण मग ती वीज खरोखर स्वच्छ आहे याची खात्री तर द्या.

"शेतकरी तसाही पऱ्हाटी पेटवतोच ना?" काही जण पेटवतात, खरं आहे. मजूर मिळत नाही, रब्बीची घाई असते. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विभागच सांगतो की फरदड घेऊ नका, वेळेत पऱ्हाटी काढा, कारण बोंडात अळी दबून राहते. म्हणजे वावरातून पऱ्हाटी निघणं गरजेचं आहे हे मान्य. पण काढणं म्हणजे बॉयलरला देणं असं कुणी ठरवलं? श्रेडरने बारीक करून जमिनीत घालता येते. त्याच कृषी विभागाचा दुसरा माणूस पोक्रा प्रकल्पात येऊन सांगतो की जमिनीतला सेंद्रिय कर्ब घसरला, काडीकचरा जाळू नका, कुजवा. आपापली मृदा आरोग्य पत्रिका काढून बघा, कर्बाचा रकाना कोणत्या रंगात आहे ते. एक खातं म्हणतं जमिनीला द्या, दुसरं म्हणतं वीजकेंद्राला द्या. पऱ्हाटी एकच आहे, मायबाप.

"उसाच्या बगॅसवर तर वीज होतेच की!" होते, आणि मी तिचा समर्थक आहे. तो फरकच समजून घ्या. ऊस गाळला की त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याला जरा कमी बगॅस कारखान्याच्या आवारातच पडतो. वेगळी वाहतूक नाही. त्याच वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्याच वाफेवर रस आटतो. एका जळणाची दोन कामं. ऊस किती पाणी पितो यावर वेगळं भांडू, पण गाळल्यानंतर उरलेला बगॅस जाळणं ही शहाणपणाची गोष्ट आहे. तांदळाच्या गिरणीतला कोंडा गिरणीतच जळाला, तेही बरोबर. म्हणजे मी बायोमासचा शत्रू नाही. जे काम झाल्यावर उरलेलं आहे, जवळ आहे आणि ज्यावर दुसऱ्या कुणाची चूल अवलंबून नाही, ते खुशाल जाळा. जे उभं आहे ते तोडून 'उरलेलं' म्हणू नका.

आता मागण्या. नुसतं बोंबलून थांबणाऱ्यांतला मी नाही.

१. धोरणातला 'मुख्यत्वे' हा शब्द काढा. औष्णिक केंद्रात जाणाऱ्या पेलेटमध्ये तोडलेल्या झाडाचं लाकूड चालणार नाही असं स्वच्छ लिहा.

२. प्रत्येक बायोमास केंद्राने आणि पेलेट कारखान्याने दर महिन्याला कोणतं जळण, किती टन, कोणत्या गावातून आलं, हे मराठीत जाहीर करावं. जुलै-ऑगस्टचे आकडे आधी बघा. पावसाळ्यात पऱ्हाटी किती जळाली हे वाचलं की सगळं कळेल.

३. पऱ्हाटीला दर ठरवा आणि तो शेतकऱ्याच्या खात्यात थेट द्या. आज मधला माणूस बांधावरून जवळपास फुकट उचलतो आणि फाटकात टनावर पैसे घेतो. पेलेटला आधारभूत किंमत असू शकते, तर ज्याच्यापासून पेलेट होतो त्याला का नाही?

४. किती उचलायचं याला मर्यादा ठेवा. काही हिस्सा जमिनीला, काही गावच्या चुलीला, मग उरेल ते वीजकेंद्राला. हा क्रम उलटा चालणार नाही. पऱ्हाटी गेली तर उपटणीवाल्या बाईला टाकी स्वस्तात भरून देण्याची जबाबदारी कुणाची, तेही लिहा.

५. पऱ्हाटीचं वीजेशिवाय काय होऊ शकतं तेही बघा. नागपुरात कापूस तंत्रज्ञानावर काम करणारी 'सिरकॉट'ची शाखा आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं काम त्या संस्थेने कितीतरी वर्षांपूर्वी केलेलं आहे. बोर्डात गेलेला कार्बन निदान काही वर्षं कपाटात बसून राहतो, चिमणीतून जात नाही.

यातली एकही मागणी अवघड नाही. अवघड आहे ते एवढंच की असं केलं तर टक्क्यांचं उद्दिष्ट कागदावर पटकन पूर्ण होत नाही. न होऊ द्या. खोट्या ७ टक्क्यांपेक्षा खरे २ टक्के बरे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या तालुक्यात बायोमासचं केंद्र असेल, ब्रिकेट किंवा पेलेटचा कारखाना असेल, तर रस्त्यावरून जाताना त्याच्या आवारात एकदा नजर टाका. पऱ्हाटीचा ढीग मोठा की ओंडक्यांचा? खाली कमेंटमध्ये तालुका आणि महिना लिहा. कारखान्याचं नाव, कुणाचा फोटो, गाडीचा नंबर टाकू नका, आपल्याला कुणाशी वैयक्तिक वैर करायचं नाही. आणि येत्या ग्रामसभेत एक साधा प्रश्न लिहून द्या: आपल्या शिवारातून वर्षभरात किती झाडं गेली, कुणाच्या परवानगीने गेली आणि कुठे गेली? उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तरं पऱ्हाटीपेक्षा लवकर जळतात.